मंडळ सोडू नकोस, पण ती यादी देऊ नकोस

नमस्कार मॅडम,
मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, बेळगावात डिग्री केली आणि आता धारवाडला एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे शाळेतल्या मुलांसोबत काम करायचं आहे. यंदा वर्गाने मला विद्यार्थी मंडळाची प्रमुख केलं. आम्ही सतरा जण शनिवारी शाळांत जातो, परीक्षेची भीती, राग, मैत्री यांवर मुलांशी बोलतो. आता तीन अडचणी उभ्या राहिल्यात. आमच्याच भागातल्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणाले, "आठवी-नववीच्या पोरांची बुद्धीची टेस्ट घ्या आणि कच्च्या पोरांची यादी काढून द्या, दहावीच्या निकालाला बरं पडेल." ज्युनियर मुलं एका पायावर तयार आहेत. दुसरं, मंडळातली काही कन्नड मुलं म्हणतात की मी मुद्दाम मराठी शाळा निवडते. तिसरं, बाबा म्हणतात, "पुढारीपण पुरे झालं, बी.एड. कर आणि नोकरीला लाग." मला स्वतःलाच अजून काही येत नाही, मी दुसऱ्यांना काय सांगणार असं सारखं वाटतं. राजीनामा देऊ का?
— एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

राजीनामा देऊ नकोस. आपल्याला अजून फारसं येत नाही हे तुला कळतंय, म्हणून तर या घडीला मंडळ तुझ्या हातात असावं असं मला वाटतं. तुझे ज्युनियर टेस्ट घ्यायला निघालेत आणि मुख्याध्यापकांना यादी हवी आहे. यात थांबून विचार करणारी तू एकटीच दिसतेस.

मुख्याध्यापकांपासून सुरुवात करते, कारण पोरांचं नुकसान व्हायची भीती तिथेच जास्त आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा निकाल लागला की कोणत्या शाळेचे किती टक्के, हे बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसपासून गावच्या कट्ट्यापर्यंत सगळे विचारतात. शिक्षक पुरेसे नसतात, असलेल्यांच्या मागे दहा कामं लागलेली असतात. अशात विद्यापीठातली मुलं आपल्या पायांनी चालत शाळेत आली, तर त्यांच्याकडून काही हाताला लागावं असं कुणालाही वाटेल. त्यांची गरज खरी आहे. मागणी मात्र चुकीची आहे.

ती यादी दिली तर पुढे काय होईल? शनिवारी तू कागद दिलास की सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत झालेला असेल, आणि आठवड्याभरात मुलांनाही. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, हे शाळेत लपत नाही. आठवीतला जो मुलगा आत्ता फक्त गणितात मागे आहे, तो त्या दिवसापासून 'यादीतला' होतो. त्याला फळ्याकडे बोलवणं कमी होतं. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की "तू बाहेरून बस" असं सुचवलं जातं. घरी कळलं तर बाप म्हणतो, शिकून काय करणार, चल गोव्याला कामाला. आपल्या तालुक्यात हे किती सहज घडतं ते तुला सांगायला नको. आणि हे सगळं ज्या आकड्याच्या जोरावर होईल तो आकडा कुणी काढलेला असेल? पर्यवेक्षणाशिवाय, एका शनिवारात, वर्गभर मुलांना एकदम बसवून टेस्ट घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी.

बुद्धिमापनाच्या इतिहासातली एक गोष्ट तुमच्या मंडळात सगळ्यांना सांग. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीची, म्हणजे परदेशात तयार झालेल्या बुद्धिमापन चाचणीची, भारतीय मुलांसाठी आवृत्ती तयार केली, तिचा शोधनिबंध १९३४ साली प्रसिद्ध झाला, आणि ती कुणासाठी होती? कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर हे सगळं मुंबई इलाख्यात होतं. आपल्याच मुलखातल्या दोन भाषांच्या मुलांना एका अभ्यासात घेऊन केलेलं ते काम आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असंच आहे. पण याच गोष्टीतून दुसरंही घे. ती चाचणी आजही ठिकठिकाणी वापरात आहे, आणि तिच्या मुळाशी असलेली मुलं नव्वद वर्षांपूर्वीची आहेत. आजच्या मोबाईल हाताळणाऱ्या, तीन लिप्या लिहिणाऱ्या मुलाचा गुण त्या मापावर कसा वाचायचा, कुठे सावध राहायचं, हे शिकलेल्या आणि अनुभवी माणसाचं काम. किट विभागाच्या कपाटात आहे म्हणून ते उचलून शाळेत न्यायचं नाही. ज्युनियरना टेस्ट घ्यायची हौस असेल तर विभागातच, गाईडसमोर, एकमेकांवर सराव करू दे. हौस चांगली आहे, ती मारू नकोस. पण शाळेतल्या पोराच्या नावापुढे बुद्ध्यंक लिहायचा नाही, हा नियम मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लिही आणि सतराही जणांची सही घे.

आता आपल्या भागातल्या मुलांविषयी, कारण पुस्तकात हे सापडत नाही. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेतलं मूल देवनागरी लिहितं, कन्नड लिहितं आणि इंग्रजीही लिहितं. घरी बोलताना पश्चिमेकडच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात कोकणीचा रंग मिसळतो, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी. अशा पाचवीतल्या मुलाची वही उघड आणि शांतपणे बघ. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' वेगळे लिहितात, मराठीत तो फरक नाही. मराठी मुलगा कन्नड लिहिताना तिथे चुकणारच. त्याला 'मठ्ठ' म्हणणारे शिक्षक तुला भेटतील. पण तो फक्त कन्नडमध्ये अडखळतो, की मराठीतही अक्षरं गाळतो, जोडाक्षरावर थांबतो, ओळ सोडून खालच्या ओळीवर जातो, आणि इंग्रजीतही तेच करतो? एकाच लिपीत अडखळत असेल तर बहुधा त्याला ती भाषा पुरेशी मिळालेली नाही, शिकवायला हवी. तिन्हीकडे वर्षानुवर्षं तेच होत असेल, तोंडी उत्तरं मात्र पटापट देत असेल, तर ते मूल जाणकाराला दाखवायला हवं. हा फरक वर्गशिक्षकांना समजावून सांगणं तुमच्या हातात आहे आणि त्याला कसलीही टेस्ट लागत नाही. तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या की पुरे.

तेव्हा सरांना भेटायला जाताना नुसता नकार घेऊन जाऊ नकोस. मी तुझ्या जागी असते तर असं बोलले असते: "सर, यादी आम्ही देणार नाही, तो आमचा अधिकार नाही आणि त्याने पोरांचं नुकसान होईल. पण आठवी-नववीच्या शिक्षकांसोबत आम्ही एक दुपार बसतो. ज्या मुलांबद्दल तुम्हाला काळजी वाटते त्यांच्या वह्या तुम्ही आणा, आमच्या गाईड मॅडम येतील, आपण मिळून बघू." गाईडना सोबत ने, एकटी जाऊ नकोस. मुख्याध्यापक विद्यार्थिनीला "बघू की, पुढच्या शनिवारी या" म्हणून वाटेला लावतील, प्राध्यापकांना तसं करता येत नाही.

आणि पुढची वाट तुला आधी माहीत असू दे, नाहीतर "जाणकाराला दाखवा" हे बोलणं हवेत राहतं. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्या यादीत अध्ययनातल्या अडचणीही आहेत. बहुतेक शाळांत ते पथक उंची-वजन-दात बघून जातं, कारण वाचनाबद्दल त्यांना कुणी काही सांगतच नाही. वर्गशिक्षकांनी सांगितलं तर ते नोंद घेतात. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे समावेशक शिक्षणाचे संसाधन शिक्षक असतात, ज्यांना सगळे बीआयईआरटी म्हणतात, त्यांना गाठायचं. तिथून पुढे बेळगावचं सिव्हिल, नाहीतर तुझ्या धारवाडमध्येच असलेली डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने तयार केलेली 'डाली' ही वाचनदोषाची चाचणी आहे, ती मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. तुझ्या विभागाने ती मागवावी आणि प्राध्यापकांनी तिचं प्रशिक्षण घ्यावं, असा अर्ज मंडळाच्या वतीने कर. प्रमुख म्हणून यापेक्षा मोलाचं काम तुला यंदा सापडणार नाही.

पालकांना हेही सांगायला हवं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनासारख्या गोष्टींत सतत अडखळणं) धरलेली आहे आणि त्याच्या १७ व्या कलमात परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, एवढंच काय, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा उल्लेख आहे. तीन भाषांच्या ओझ्याखाली दबलेल्या आपल्याकडच्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे बघ. पण त्यासाठी रीतसर प्रमाणपत्र लागतं, ते वेळखाऊ असतं, आणि दहावीच्या जानेवारीत जाग येऊन उपयोग नसतो. मुख्याध्यापकांना निकालाची खरोखर काळजी असेल तर आठवीतच ही वाट दाखवणं हीच त्यांना सगळ्यात मोठी मदत. शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घे आणि आई-वडिलांना त्यांच्याच बोलीत हे सांग.

एक धोक्याची गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण तुमच्यासारखी मंडळं वर्गात प्रश्नपेटी ठेवतात म्हणून सांगते. मुलं चिठ्ठीत कधी फार गंभीर लिहितात. "काका रात्री त्रास देतो" असं वेड्यावाकड्या अक्षरातलं एक वाक्य निघालं तर काय करायचं, हे पेटी ठेवायच्या आधी ठरलेलं हवं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, ते गुपित ठेवायचा पर्यायच नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू दे. मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन तुमच्यातल्या कुणीही द्यायचं नाही. "मी तुझ्या परवानगीशिवाय वर्गात बोलणार नाही, पण तुला धोका असेल तर मोठ्या माणसांना सांगणार" एवढंच म्हणायचं. आणि ज्या दिवशी प्राध्यापक फोनवरही मिळणार नसतील त्या दिवशी पेटी उघडायची नाही.

आता भाषेचं. इथे मी तुला थोडं रुचणार नाही असं बोलते. तू मुद्दाम निवडतेस असं मला वाटत नाही, पण यादी तरी बघ: मागच्या वेळी कुठल्या शाळांत गेलात, त्यात मराठी किती आणि कन्नड किती? आपण ओळखीच्या माणसांकडे जातो, खानापूरला उतरलं की मामाच्या गावची शाळा आठवते, हे अगदी साहजिक आहे. तरी मंडळ सगळ्यांचं आहे. शाळा कशा निवडायच्या हे लिहून ठेवा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा. प्रत्येक जोडीत एक मराठी आणि एक कन्नड बोलणारा असू दे. कन्नड शाळेत तू जा आणि तिथे मोडकंतोडकं का असेना, कन्नडमध्ये बोल. मराठी शाळेत तुझा कन्नड मित्र येऊ दे. त्याला मराठी वाचता आलं नाही तरी चौथीतल्या पोराच्या चेहऱ्यावरची भीती वाचता येते, आणि पोरांनाही कळतं की परक्या भाषेतलं माणूस आपल्यासाठी आलंय. छापील कागद दोन्ही भाषांत ठेवा, पालकांच्या संमतीचा तर नक्कीच. सही करणाऱ्या आईला जे वाचता येत नाही त्यावर तिची सही घ्यायची नाही.

मात्र एका गोष्टीत माघार घेऊ नकोस. मराठी शाळेतल्या मुलाशी मनातलं बोलायचं तर ते मराठीतच बोलायला हवं. रडणारं मूल आईच्या भाषेत रडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं आणि मूल भीतीमुक्त असावं, या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत. यात राजकारण नाही आणि कुणी तसं म्हटलं तर शांतपणे हेच सांग. कन्नड शाळेतल्या मुलासाठीही तू हाच आग्रह धरलास की तुझ्यावरचा आरोप आपोआप गळून पडेल. आणि १ नोव्हेंबरच्या आठवड्यात शाळांत कार्यक्रम ठेवू नका. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, मोठ्यांची डोकी तापलेली असतात. पोरांना त्यात कुणाच्या बाजूने उभं करायची वेळ तुमच्या मंडळामुळे येऊ नये.

तू लिहितेस, "मी दुसऱ्यांना काय सांगणार." तुझ्यासारख्या विद्यार्थी-प्रमुखाचं काम काय असतं ते बघ. अमेरिकेत शालेय मानसशास्त्राचं क्षेत्र जुनं आहे, १९६९ पासून तिथे शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांची समिती आहे आणि विद्यापीठांतून विद्यार्थी-प्रतिनिधी असतात. ते काय करतात? नव्या मुलांना क्षेत्राची ओळख करून देतात, नोव्हेंबरातला शालेय मानसशास्त्र सप्ताह पार पाडतात, विद्यार्थ्यांचं म्हणणं वरपर्यंत पोचवतात, शाळांना या लोकांची गरज का आहे ते लोकांना पटवून देतात. मुलांवर उपचार करणं हे त्या पदाचं काम नाही. त्यासाठी तिथे निदान १२०० तासांची इंटर्नशिप पर्यवेक्षणाखाली करावी लागते, त्यातले ६०० तास शाळेत. ती संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक शालेय मानसशास्त्रज्ञ असावा म्हणते. आपल्याकडे पूर्ण तालुक्यात एक मिळायची मारामार, म्हणून तुमच्यासारख्या मुलांवर सगळा भार टाकायचा मोह शाळांना होतो. तो भार न घेता, "आम्हाला माणूस द्या" ही मागणी लावून धरणं हेच तुझं पुढारीपण. बीईओंना एक निवेदन दे, त्यात मंडळाने शाळांत काय पाहिलं ते लिही, एकाही मुलाचं नाव न घेता.

मंडळातलीच मुलं रात्री उशिरा तुला आपली दुखणी सांगायला लागतील, ब्रेकअप, घरचे वाद, परीक्षेचं टेन्शन. ऐकून घे, मैत्रीण म्हणून. समुपदेशक म्हणून बसू नकोस. जड वाटलं तर त्यांना विभागातल्या प्राध्यापकांकडे पाठव.

बाबांचं म्हणणं मला पटतं, अर्धं. बी.एड. कर. नोकरीची चिंता करणारा बाप चुकीचं बोलत नाही आणि शालेय मानसशास्त्राच्या नावाने निघणाऱ्या जागा आपल्याकडे थोड्याच आहेत. पण त्यांना हे सांग: सीबीएसईच्या माध्यमिक शाळांना समुपदेशक नेमायला सांगितलेलं आहे, मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम एनसीईआरटी चालवते, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची चौकट तयार केली आहे. बी.एड. आणि एम.ए. मानसशास्त्र दोन्ही असलेली शिक्षिका खानापूरच्या हायस्कूलमध्ये असणं म्हणजे काय, हे त्यांना एखाद्या संध्याकाळी बसवून समजावून सांग. आणि मंडळात तू काय करतेस ते त्यांनी पाहिलेलंच नाही. एकदा शनिवारी त्यांना शाळेत घेऊन जा, शेवटच्या बाकावर बसू दे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी सांगते त्याला दे. तुझं हे पद एका वर्षाचं आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा तू धारवाडला नसशील, आणि ज्या सातवीतल्या मुलीने तुला काहीतरी सांगितलं ती दारात वाट बघेल. दरवर्षी नवी ताई येते, गोड बोलते आणि गायब होते, हे मुलांनी पुष्कळदा पाहिलंय. त्यामुळे आत्ताच, डिसेंबरच्या आत, पहिल्या वर्षातले दोघं निवड, एक मराठी, एक कन्नड. शाळेच्या प्रत्येक भेटीला त्यांना सोबत ने आणि मुलांना आधीच सांग की पुढच्या वर्षी हे येणार. वहीत शाळेचं नाव, मुख्याध्यापकांचा नंबर, कुठल्या शिक्षिकेचा आधार वाटतो, कुणाकडे जपून बोलायचं, कुठे काय मागणी आली आणि आपण काय उत्तर दिलं, हे सगळं लिही. मुलांची नावं आणि त्यांनी सांगितलेलं त्या वहीत नको, ते गाईडकडे, कुलपात. या मुख्याध्यापकांनी यादी मागितली होती आणि मंडळाने नाही म्हटलं होतं, तेही तारीख घालून लिही, कारण पुढच्या वर्षी ते नव्या प्रमुखाला पुन्हा विचारणार आहेत.

सस्नेह.